स्पीकर, चुंबक आणि हार्ड डिस्क : भीती आहे, पण चुकीच्या गोष्टीची

मंडळी, या वीकेंडचा विषय थोडा कामाचा आहे आणि थोडा गावाकडचा.

चैत्र-वैशाखात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत कुठल्याही दिशेला गाडी काढा, रोज कुठल्या ना कुठल्या गावची यात्रा असतेच. पालखी, बैलगाडे, रात्री तमाशा नाहीतर ऑर्केस्ट्रा, आणि या सगळ्याला पुरून उरणारा साउंड. या साउंडच्या मागे एक टेबल असतं. त्यावर मिक्सर, लॅपटॉप, वायरींचा गुंता आणि वायरीला लोंबकळणारी एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क. गाणी त्यातच, मागच्या पाच-सात वर्षांच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज त्यातच, आणि शूटिंगवाला शेजारी बसला असेल तर कॅमेऱ्याची कार्डं रिकामी होतात तीही तिथेच.

आता गंमत बघा. ही डिस्क स्पीकरच्या मागे कोणी ठेवत नाही. का? तर 'चुंबकाने डेटा उडतो'. हे सगळ्यांना पाठ आहे. मग ठेवतात कुठे? बेसच्या खोक्यावर! मी एकाला विचारलंही. तो म्हणाला, "दादा, मॅग्नेट खाली मागच्या अंगाला असतं, वर काय व्हत नाय." म्हणजे चुंबकापासून वाचवायचं म्हणून डिस्क उचलायची आणि अख्ख्या मांडवात जी जागा सगळ्यात जास्त थरथरते तिच्यावर नेऊन ठेवायची.

माझं म्हणणं एवढंच आहे की स्पीकरजवळ हार्ड डिस्कला धोका आहे हे खरं, पण तो चुंबकाचा जवळजवळ नाही. तो हादऱ्याचा आणि आवाजाचा आहे. त्याहून मोठा धोका, म्हणजे एकच प्रत असण्याचा, त्याबद्दल तर कोणी बोलतच नाही.

आधी चुंबकाचं बघू. ही भीती आली कुठून? कॅसेट आणि फ्लॉपीच्या जमान्यातून. टेपवरचा चुंबकीय थर फार हळवा. तो पुसायला काही शे ओरस्टेडचं क्षेत्र पुरतं. त्यात भर म्हणजे जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीजवळ स्पीकर नेला की पडद्यावर हिरवे-जांभळे डाग पडायचे. चुंबकाचा प्रताप डोळ्यांना दिसायचा. म्हणून कॉम्प्युटरच्या स्पीकरच्या खोक्यावर 'मॅग्नेटिकली शील्डेड' असं ठळक छापलेलं असायचं. ते शील्ड मॉनिटरसाठी होतं, पण लोकांच्या मनात ते हार्ड डिस्कसाठी आहे असं बसलं ते बसलंच.

हार्ड डिस्कच्या तबकडीवरचा थर टेपपेक्षा कितीतरी हट्टी असतो. तो उलटवायला काही हजार ओरस्टेड लागतात. साध्या फेराइट चुंबकाच्या स्पीकरला मागून अगदी चिकटून मोजलं तर काही शे गाऊस मिळतील, आणि तिथून लांब जाल तसं क्षेत्र फार झपाट्याने पडतं. थोडं दूर गेल्यावर अंतर दुप्पट केलं की क्षेत्र साधारण आठव्या हिश्श्यावर येतं. वीत-दोन वीत अंतरावर डिस्कला त्याचा पत्ताही लागत नाही. जुन्या डिस्कमधला डेटा खात्रीने नष्ट करायचा असेल तर कंपन्या डिगॉसर नावाचं खास यंत्र वापरतात. स्पीकरने काम भागलं असतं तर ते यंत्र कोणी विकत घेतलं असतं?

आणि सगळ्यात भारी गोष्ट पुढेच आहे. एखादी मेलेली हार्ड डिस्क उघडून बघा. आत बोटाला चिमटा बसेल असे निओडिमियमचे दणकट चुंबक असतात, तबकडीपासून बोटभर अंतरावर. ज्या मोटरने हेड पुढेमागे होतं तिचं नावच 'व्हॉइस कॉइल मोटर'. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं, त्यातून करंट सोडला की वेटोळं हलतं. स्पीकरचा कागद हलवणारं तत्त्व आणि हार्ड डिस्कचं हेड हलवणारं तत्त्व एकच! म्हणजे प्रत्येक हार्ड डिस्कच्या पोटात एक मुका स्पीकर बसलेला आहे, आणि त्या चुंबकाशेजारी तिचा संसार वर्षानुवर्षं सुखाने चालतो.

मग आवाजाचं काय? इथे मात्र सावध व्हा.

डिस्क चालू असताना हेड तबकडीच्या वर तरंगतं, आणि आजच्या डिस्कमध्ये हे अंतर फक्त काही नॅनोमीटर असतं. तुलनेसाठी, माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड. एका इंचात काही लाख ट्रॅक बसवलेले असतात, म्हणजे एका ट्रॅकची रुंदी १०० नॅनोमीटरच्याही आत. लिहिताना हेड या रुंदीच्या दहा-पंधरा टक्के जरी बाजूला सरकलं तरी डिस्क लिहिणं थांबवते, कारण शेजारच्या ट्रॅकवर लिहिलं गेलं तर तिथला डेटा जाईल. मग तबकडीची पुढची फेरी येईपर्यंत थांबायचं. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरी म्हणजे सुमारे ८.३ मिलिसेकंद. एकदा चुकलं तर कळणारही नाही. पण हादरा सतत असेल तर प्रत्येक फेरीला तेच. डिस्क थांबते, ऑपरेटिंग सिस्टिम वाट बघते, शेवटी वैतागून एरर देते आणि तुमचा लॅपटॉप भर मिरवणुकीत 'नॉट रिस्पॉन्डिंग' होतो.

हे काही कागदावरचं गणित नाही. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेगने एक व्हिडिओ टाकला होता. डेटा सेंटरमध्ये तो डिस्कच्या रॅकजवळ तोंड नेऊन जोरात ओरडतो, आणि स्क्रीनवर डिस्कचा प्रतिसाद त्याच क्षणी मंदावलेला दिसतो. आम्हा आयटीवाल्यांमध्ये तो व्हिडिओ तेव्हा भरपूर फिरला. सगळे हसले. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये रोमानियात बुखारेस्टला आयएनजी बँकेत आग विझवण्याच्या यंत्रणेची चाचणी घेतली. गॅस सुटताना जो प्रचंड आवाज झाला, १३० डेसिबलच्या वरचा, त्याने हार्ड डिस्कच गेल्या. बँकेची कार्ड आणि एटीएम सेवा सुमारे दहा तास बंद होती. तेव्हा हसणं बंद झालं.

२०१८ मध्ये मिशिगन आणि झेजियांग विद्यापीठांच्या संशोधकांनी 'ब्लू नोट' नावाचा पेपर लिहिला. ठरावीक फ्रीक्वेन्सीचा आवाज लावून त्यांनी चालू कॉम्प्युटर अडकवून दाखवले, एका प्रयोगात तर लॅपटॉपच्या स्वतःच्याच स्पीकरने. सीसीटीव्हीच्या रेकॉर्डिंगमध्येही त्यांनी भोकं पाडून दाखवली. आणि २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या रेमंड चेनने जुना किस्सा सांगितला. जॅनेट जॅक्सनचं 'ऱ्हिदम नेशन' हे १९८९ चं गाणं लावलं की काही जुने लॅपटॉप बंद पडायचे, इतकंच काय, शेजारी ठेवलेला दुसरा लॅपटॉपही बंद पडायचा. गाण्यातली एक फ्रीक्वेन्सी आतल्या ५४०० आरपीएमच्या डिस्कच्या नैसर्गिक कंपनाशी जुळत होती. कंपनीने शेवटी ऑडिओमधून ती फ्रीक्वेन्सीच गाळून टाकली.

यातला एक बारकावा आपल्याकडच्या साउंडवाल्यांनी लक्षात घ्यावा. हेड जागेवर ठेवणारी सर्वो यंत्रणा संथ हालचाली बऱ्यापैकी सावरते. तिची तारांबळ उडते ती काही शे ते काही हजार हर्ट्झच्या पट्ट्यात. म्हणजे हवेतून येणाऱ्या त्रासात बेसपेक्षा कर्णे, भोंगे, ढोल-ताशाची कडकड आणि माइकवरच्या आरोळ्या जास्त नडू शकतात. बेस नडतो तो दुसऱ्या वाटेने. तो खोकं हलवतो, खोक्यावरची डिस्क थडथड उडते, यूएसबीची पिन ढिली होते आणि लिहिता लिहिता कनेक्शन तुटतं. त्यात जनरेटर मध्येच गचकला की झालंच. एका कार्यक्रमाने डिस्क मरत नाही, हे मान्य. म्हणूनच लोकांना वाटतं काही होत नाही. ती मरते तिसऱ्या सीझनला, आणि दोष जातो चुंबकाला.

आता कोणी म्हणेल, एवढं काय त्यात, नवी डिस्क घ्या चार-पाच हजाराची. बरोबर. पण त्या डिस्कमध्ये असतं काय?

नारायणगाव आपल्या जुन्नर तालुक्यातलं. तमाशाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले येऊन सुपाऱ्या देतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर इथल्याच. राष्ट्रपतींच्या हातून गौरवलेली ही कलावंत २००२ मध्ये गेली, आणि २००६ पासून राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. विठाबाईंचा फड कसा रंगायचा हे आज ऐकायचं म्हटलं तर त्या काळचं जे काही रेकॉर्डिंग उरलंय त्यावरच भागवावं लागतं. जे कोणी टेपवर घेतलंच नाही, किंवा घेतलं आणि ओलीत बुरशी लागून गेलं, ते गेलं.

आता तर प्रत्येक रात्रीचं रेकॉर्डिंग होतं. गण, गवळण, बतावणी, वग, सोंगाड्याने त्या त्या गावात आयत्या वेळी जोडलेले विनोद, सगळं. पण ते राहतं कुठे? शूटिंगवाल्याच्या त्या एकुलत्या एक डिस्कवर.

बैलगाड्यांचंही तेच. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये कायदा वैध ठरला. मधली सात-आठ वर्षं घाट सुने होते. त्या काळात जुन्या नामांकित बैलांच्या बाऱ्या बघायच्या तर जुन्या शूटिंगशिवाय दुसरं होतं काय? थापलिंगच्या घाटात आपल्या आजोबांचा गाडा किती सेकंदांत आला होता, हे ज्याच्या घरी जपलंय त्याला विचारा त्या फाइलची किंमत किती.

आणि याच नारायणगावापासून जेमतेम १०-१५ किलोमीटरवर खोडद आहे. तिथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, काही मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फांद्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. तिथे गेलात तर मोबाइल बंद करायला सांगतात, कारण आकाशातून येणारे रेडिओ संदेश इतके क्षीण असतात की आपल्या खिशातला फोनही त्यांच्यापुढे भोंगा ठरतो. म्हणजे कुठला गोंगाट कुठल्या यंत्राला बाधतो हे नीट मोजून, त्याप्रमाणे नियम केले आहेत. आपल्यासारखं 'ऐकलंय असं' नाही.

मला तिथली आणखी एक गोष्ट आवडते. २००२ पासून जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी दुर्बीण खुली झाली, तेव्हापासूनच्या निरीक्षणांचा संग्रह त्यांनी जपलेला आहे, आणि ठराविक काळानंतर तो डेटा इतरांनाही वापरायला मिळतो. वीस वर्षांपूर्वीच्या एका रात्रीचं आकाश आज कोणी पुन्हा काढून नव्या नजरेने तपासू शकतो.

एकाच तालुक्यात दोन कान आहेत म्हणा ना. एक आकाश ऐकतो आणि ऐकलेलं जपून ठेवतो. दुसरा जमिनीवरचा आवाज ऐकतो आणि ते रेकॉर्डिंग बेसच्या खोक्यावर ठेवून चहा प्यायला जातो. खोडदला पैसा आहे, सरकार आहे, शास्त्रज्ञ आहेत, हे मला कळतं. पण दुसरी प्रत ठेवायला शास्त्रज्ञ लागत नाही. दुसरी डिस्क लागते.

'यूट्यूबवर आहे की सगळं!' हा ठरलेला युक्तिवाद. यूट्यूबवर जातं ते दाबून लहान केलेलं. मूळ फाइलचा दर्जा तिथून परत मिळत नाही. मध्येच एखादं फिल्मी गाणं वाजलं म्हणून व्हिडिओ अडवला जातो, चॅनलवाला पासवर्ड विसरतो, चॅनल बंद होतं. दाखवायला यूट्यूब उत्तम. जपायला नाही.

म्हणून माझा आग्रह यात्रा कमिट्यांना आहे, आणि पुण्या-मुंबईत नोकरी करून गावाकडे वर्गणी पाठवणाऱ्या आपल्यासारख्यांनाही. साउंडवर आपण लाख-लाख उधळतो. त्यातले पाच हजार दुसऱ्या डिस्कसाठी बाजूला काढा. शूटिंगवाल्याची सुपारी ठरवतानाच सांगा की मूळ फाइलची एक प्रत गावाला द्यायची. ती शाळेत, वाचनालयात, ग्रामपंचायतीच्या कपाटात ठेवा. आणि एक प्रत आपल्यापैकी कोणीतरी पुण्यात ठेवा. आपण ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या डेटाच्या तीन-तीन प्रती तीन ठिकाणी ठेवतो. आपल्याच गावाची वेळ आली की एक पुरते?

आता थोडं कामाचं, साउंडवाल्या मित्रांना फॉरवर्ड करण्यासारखं.

१. कार्यक्रमात गाणी वाजवायची ती एसएसडी किंवा पेन ड्राइव्हवरून. त्यात फिरणारा भागच नाही, त्यामुळे हादऱ्याने हेड चुकायचा प्रश्न नाही. चुंबकाचाही नाही.

२. पण एसएसडी म्हणजे अमृत नव्हे. त्यात डेटा विद्युतभाराच्या रूपात असतो. वर्षानुवर्षं विजेशिवाय, त्यातून उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहिली तर तो भार हळूहळू झिरपतो. कपाटात ठेवायच्या प्रतीला जुनी फिरणारी डिस्कच बरी. वर्षातून एकदा लावून बघायची.

३. फिरणारी डिस्क कार्यक्रमात लावावीच लागली तर ती स्पीकरच्या खोक्यावर नको, स्टेजच्या फळ्यांवर नको, डीजेच्या गाडीच्या हौद्यात नको. वेगळं टेबल, खाली जाडसर फोम, आणि कर्ण्याच्या तोंडासमोर नाही. फोमने हादरा अडतो, हवेतला आवाज अडत नाही, म्हणून अंतर हवंच.

४. कार्डावरून डिस्कवर कॉपी करायचं काम आवाज बंद झाल्यावर. वाजत असताना लिहिणं म्हणजे खड्ड्यांच्या रस्त्यावर धावत्या एसटीत चेक लिहिण्यासारखं आहे.

५. देवळातला किंवा चौकातला सीसीटीव्हीचा डीव्हीआर कुठे बसवलाय ते एकदा बघून या. त्यातही फिरणारीच डिस्क असते. भोंग्याखालीच असेल तर ज्या रात्रीचं फुटेज पोलिसांना हवं असेल, नेमकी तीच रात्र त्यात नसायची.

६. आणि कॅसेटची जुनी ट्रंक? तिला मात्र चुंबकाचा नियम लागू आहे! घराघरांत वगाच्या कॅसेटचं खोकं स्पीकरला टेकून माळ्यावर पडलेलं असतं. ते आधी हलवा, आणि टेप चालतेय तोवर कॉम्प्युटरवर उतरवून घ्या.

जाता जाता एक. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर स्पीकरला बंदी. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं. मर्यादेत वाजवलं तर यातले निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत. आणि ज्या आवाजाने पोलादी खोक्यातली डिस्क गडबडते, त्याच्यासमोर आपण नातवंडांना खांद्यावर घेऊन उभे असतो. डिस्कची दुसरी प्रत काढता येते, कानाची नाही.

असो. वाजवायला माझी ना नाही. यात्रेत वाजलं नाही तर यात्रा कसली! फक्त वाजतंय ते पुढच्या पिढीलाही ऐकू येईल एवढी सोय करा. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा साउंडवाल्याच्या टेबलाकडे एक चक्कर मारा, डिस्क उचलून बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न विचारा: "याची दुसरी कॉपी कुठंय रे?"

उत्तर काय मिळालं ते मला जरूर कळवा. भेटू पुढच्या वीकेंडला.